टाइमशीटमधून गायब झालेले तास

ताई, नमस्कार.

गेली अडीच वर्षं मी एका मार्केटिंग एजन्सीत अकाउंट मॅनेजर म्हणून घरून काम करते. कंपनीला ऑफिस असं नाहीच. माझी टीम पाच वेगवेगळ्या शहरांत बसते. आले तेव्हा माझ्याकडे सहा क्लायंट होते, आता नऊ आहेत. कामाचे तास आठ, पण लॅपटॉप मिटेपर्यंत अकरा होतात. टाइमशीटमध्ये मात्र मी आठच लिहिते, कारण प्रत्येक क्लायंटचे महिन्याला २० तास ठरलेले आहेत आणि पहिल्याच महिन्यात टीम लीड म्हणाला होता, "त्याच्या वर गेलं की वरून प्रश्न येतात, जरा बघून भर." लॅपटॉपवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर आहे. एखाद्या क्लायंटच्या जाहिरातींचे आकडे पडले की वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. विचारायला शेजारी कुणी नसतं.

ही नोकरी घेण्याआधी कर्मचाऱ्यांनी लिहिलेले रिव्ह्यू वाचले होते. निम्मे "आयुष्यातली सर्वांत चांगली नोकरी", निम्मे "पळा इथून". आता एचआरचा निरोप आलाय की प्रत्येकाने पाच तारे देऊन रिव्ह्यू लिहा. आई आजारी असते, त्यामुळे घरून काम मला सोडता येणार नाही. घरून काम मिळतंय म्हणजे एवढं चालायचंच का? की मीच कमी पडतेय? आणि तो रिव्ह्यू लिहू का?

— हिरवा ठिपका

प्रिय हिरवा ठिपका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण माझं बोट थांबलं ते तुम्ही प्रश्न म्हणून न लिहिलेल्या वाक्यावर: "टाइमशीटमध्ये मात्र मी आठच लिहिते." ते तुम्ही इतक्या सहज लिहून टाकलंय की सवय किती मुरलीय ते कळतं. मीही एजन्सीत अनेक वर्षं काढली, त्यातली शेवटची काही घरून, आणि हे पाप मीही केलंय. म्हणून तिथूनच सुरू करते.

आधी हिशेब मांडू. महिन्याचे कामाचे दिवस साधारण २१ धरले तर रोज आठ तासांप्रमाणे १६८ तास होतात. तुमच्याकडे नऊ क्लायंट, प्रत्येकी २० तास विकलेले, म्हणजे १८० तास. अजून एकही मीटिंग झाली नाही, एकही अंतर्गत रिपोर्ट लिहिला नाही, एकही दिवस आजारी पडला नाहीत, तरी तुम्ही १२ तासांनी तोट्यात आहात. हे गणित कुणीही केलं तरी जमणारं नाही. तुम्ही हुशार असलात तरी नाही आणि "वेळेचं नियोजन" शिकलात तरी नाही. तेव्हा "मीच कमी पडतेय का" याचं उत्तर आत्ताच देऊन टाकते: १८० तास १६८ मध्ये बसत नाहीत.

आता पुढचं बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण असू दे. तुम्ही रोज अकरा तास बसता, म्हणजे महिन्याला २३१. त्यातला रोजचा एक तास अंतर्गत मीटिंगांत गेला असं धरलं तर क्लायंटच्या वाट्याला २१० तास उरतात, म्हणजे दर क्लायंटला २३ तासांहून जास्त. पैसे २० तासांचे. आणि टाइमशीट काय सांगते? आठ तासांप्रमाणे १६८, नऊ जणांत वाटले तर प्रत्येकी साडेअठराच्या आसपास. म्हणजे मालकाच्या पडद्यावर चित्र असं दिसतं, की तुम्ही विकलेल्यापेक्षाही कमी वेळात नऊ क्लायंट सांभाळता आणि कुणाची तक्रार नाही. त्या खुर्चीत मी असते तर मीही दहावा क्लायंट तुमच्याकडेच दिला असता!

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ तुम्ही झाकलीत आणि सव्वा लाख भलत्याच्याच खात्यात गेले.

एजन्सी शेवटी माणसांचे तास विकते. कॅम्पेन, कल्पना, ब्रँड वगैरे बोलायच्या गोष्टी. क्लायंट दर महिन्याला देतो ती ठरावीक रक्कम, म्हणजे रिटेनर, ठरतो तो किती माणसं किती तास लागतील या अंदाजावर. तो अंदाज कुठून येतो? मागच्या टाइमशीटांतून. तुम्ही तीन तास लपवले की पुढच्या क्लायंटला विकणाऱ्याला वाटतं, हे काम २० तासांत होतं. करार नवा करायची वेळ आली की दर तोच राहतो. "आणखी एक माणूस हवा" असं टीम लीडने मागितलं तर वरून उत्तर येतं, तास तर पूर्ण भरलेलेही दिसत नाहीत. आणि तुमचं अप्रेझल येतं तेव्हा तुमच्या नावापुढे कुठेही जादा काम दिसत नाही, कारण ते तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलंय. ठरल्यापेक्षा जास्त सेवा देणं याला या धंद्यात ओव्हर-सर्व्हिसिंग म्हणतात. बऱ्या एजन्सीत दर महिन्याला यावर बैठक होते आणि क्लायंटशी बोलणं होतं. तुमच्याकडे ती होत नाही, कारण कागदावर ओव्हर-सर्व्हिसिंग नाहीच.

दिवसाचे तीन तास, महिन्याचे ६३, वर्षाचे ७५६. तुमच्याच १६८ तासांच्या महिन्याने भागा: साडेचार महिने. बारा महिन्यांच्या पगारात तुम्ही साडेसोळा महिने काम करताय.

"घरून काम मिळतंय म्हणजे एवढं चालायचंच का?" हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही. पण घरून काम करण्याचा यात काहीच हात नाही असंही म्हणणार नाही. निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरून काम करायला तयार असलेल्या २४९ जणांतून काहींना नऊ महिने घरी बसवलं, बाकीचे ऑफिसात. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा घरून कामाच्या बाजूने सगळीकडे मिरवला जातो. पण तो फोडून बघा: त्यातला सुमारे ९ टक्क्यांचा भाग आला तो निव्वळ जास्त मिनिटं काम केल्यामुळे, म्हणजे मधली सुट्टी कमी, आजारपणाच्या रजा कमी. आणि दुसरी गोष्ट, जी कुणी मिरवत नाही: तेवढंच काम केलेल्या ऑफिसातल्या माणसाच्या तुलनेत घरच्यांना बढती कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर निवड करायची मुभा दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे परत ऑफिसात गेले.

त्या लोकांची मिनिटं निदान यंत्र मोजत होतं, हिशेबात धरली जात होती. तुमची तीही नाहीत. ऑफिसात रात्री आठला दिवा जळत असेल तर कुणीतरी बघतं. टीम लीड निघताना विचारतो, अजून इथेच? घरी तो दिवा कुणाला दिसत नाही. एरवी आठ तासांची खोटी टाइमशीट ऑफिसातही लिहिली जाते, मीही तिथेच शिकले. फक्त तिथे ती खोटी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्याकडे ती खरी मानली जाते.

आकडे पडले की वाटणारी भीती ही मात्र अस्सल रिमोट, म्हणजे घरून करायच्या, कामाची देणगी. एक आठवण सांगते. एप्रिल २०२१ च्या शेवटी ॲपलचं आयओएस १४.५ आलं आणि ॲपना लोकांचा माग काढण्यासाठी आधी परवानगी विचारावी लागू लागली. बहुतेक लोक "नको" म्हणाले. त्याच्या थोडं आधी फेसबुकनेही जाहिरातीवर क्लिक केल्यानंतर खरेदी मोजण्याची नेहमीची मुदत २८ दिवसांवरून ७ दिवसांवर आणली होती. मी तेव्हा घरून एका कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिराती बघत होते. रिपोर्टमधली विक्री बघता बघता घसरली, दुकानाच्या खात्यात मात्र पैसे जवळपास पूर्वीइतकेच येत होते. मी शनिवार-रविवार सगळे कोड, सगळे पिक्सेल (वेबसाइटवर खरेदी नोंदवणारे कोडचे तुकडे) तपासत बसले, कुठे घोळ घातला म्हणून. बातम्या मीही वाचल्या होत्या, पण घाबरलेल्या माणसाला बातमी आणि स्वतःचा पडदा यांचा संबंध लागत नाही. सोमवारी कॉलवर रडवेल्या आवाजात सांगितलं, तर आणखी तिघेजण म्हणाले, "माझ्याकडेही!" तिघांनीही शनिवार-रविवार तेच केलं होतं. एका खोलीत असतो तर दहा मिनिटांत उलगडलं असतं, की विक्री नाही, तिची मोजणी घटलीय.

म्हणून एक छोटी गोष्ट करा. टीममध्ये तुमच्यासारखंच काम करणारी एक-दोन माणसं निवडा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास बोला. अजेंडा नको, मॅनेजर नको. "तुझ्याकडे या आठवड्यात काय पडलं, काय चढलं?" एवढाच विषय. तुम्ही कमी पडताय की अख्खी बाजारपेठच हलतेय, हे एकट्याने कधीच कळत नाही. दुसरा फायदाही आहे: त्या अर्ध्या तासात कधीतरी टाइमशीटचा विषय निघेल. तुम्ही एकट्याच आठ लिहिता असं वाटत असेल तर बघाच.

स्क्रीनचे फोटो घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी पान भरून रागावू शकते, पण थोडक्यात आवरते. ते माऊस हलतो का हे मोजतं, डोकं चालतं का हे नाही; मथळा सुचावा म्हणून भिंतीकडे बघणारी लेखिका त्याच्या लेखी रिकामी बसलेली असते. पण तुमच्या बाबतीत त्याचा एक उलटा उपयोग आहे. तुमचे अकरा तास त्याने दर दहा मिनिटांनी नोंदवलेत. म्हणजे कंपनीकडे एका ठिकाणी आठ आणि दुसऱ्या ठिकाणी अकरा असे दोन आकडे आजही पडून आहेत, फक्त ते शेजारी ठेवून कुणी बघितलेले नाहीत. बहुतेक अशा सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आठवड्याचा सारांश स्वतःला दिसतो. तो बघा, एकूण तास लिहून ठेवा. क्लायंटची माहिती असलेले फोटो मात्र उचलून स्वतःकडे ठेवू नका, उगाच दुसऱ्याच भानगडीत अडकाल.

आता करायचं काय. पुढचे दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त खरं लिहा, स्वतःच्या वहीत. कुठल्या क्लायंटला किती वेळ, आणि कशासाठी. "कशासाठी" हे महत्त्वाचं. माझा अनुभव असा, की नऊपैकी दोन क्लायंट निम्मे जादा तास खातात, आणि ते बहुधा सर्वांत जास्त पैसे देणारे नसतात. ते असतात "फक्त एक छोटासा बदल" म्हणणारे, करारात दोन फेऱ्या दुरुस्त्या असताना सातवी फेरी मागणारे, मेलवर मिटेल त्या गोष्टीसाठी कॉल लावणारे. हे दोघे सापडले की निम्मं काम झालं.

मग टीम लीडशी बोला, आणि बोलण्याआधी लेखी पाठवा. "खूप ताण येतोय" असं लिहू नका. ते शंभर टक्के खरं आहे, पण त्यावर तुम्हाला ताण हाताळण्याच्या वेबिनारची लिंक मिळेल. असं काहीतरी लिहा:

"गेल्या दोन आठवड्यांचे माझे प्रत्यक्ष तास सोबत दिले आहेत. नऊ क्लायंटचे महिन्याला १८० तास विकलेले आहेत, माझ्याकडे उपलब्ध तास १६८ आहेत, आणि प्रत्यक्षात २०० च्या वर जात आहेत. आजवर मी टाइमशीटमध्ये हे दाखवलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून खरे तास भरणार आहे. त्याआधी ठरवू या: दोन क्लायंट दुसरीकडे द्यायचे, की या दोन क्लायंटशी दुरुस्त्यांच्या फेऱ्यांबद्दल बोलायचं, की मी कुठली कामं थांबवायची? मला पहिला पर्याय बरा वाटतो."

"आजवर दाखवलं नव्हतं" हे वाक्य गाळायचा मोह होईल, गाळू नका. पुढच्या महिन्यात तुमचे तास एकदम ६० ने वाढलेले दिसले आणि त्यामागचं कारण आधी लेखी नसेल, तर "हिचा वेग एकदम कमी झाला" असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही. आणि टीम लीडला खलनायक ठरवू नका. "जरा बघून भर" हे त्यालाही कुणीतरी सांगितलेलं असतं. पत्रात त्याचं नाव घेऊन बोट दाखवलंत तर तो बचावात जाईल. आकडे दाखवलेत तर कदाचित त्याला वर दाखवायला हवा होता तोच कागद तुमच्याकडून मिळेल.

धोका आहे, तो लपवणार नाही. काही कंपन्यांना खरे आकडे नकोच असतात. "आपण सगळे एक कुटुंब आहोत, एवढं चालायचंच" असं उत्तर आलं, किंवा छान ऐकून घेतलं आणि महिनाभराने नऊचे नऊ क्लायंट तिथेच, तर तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे. मग शोधाला लागा, पण घरून काम न सोडता. आईसाठी तुम्ही घरी असणं ही तुमची खरी गरज आहे आणि ती या एकाच कंपनीने पुरवलेली कृपा नव्हे. अडीच वर्षांत नऊ क्लायंट सांभाळलेली अकाउंट मॅनेजर दुसऱ्या रिमोट कंपनीला नको असेल असं मला वाटत नाही. एजन्सी सोडून एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या मार्केटिंग टीममध्ये जाण्याचाही विचार करा. तिथे तास विकले जात नाहीत, त्यामुळे टाइमशीटचा हा खेळ बहुतेक ठिकाणी नसतो. कंटाळा मात्र जरा जास्त असतो, हे सांगून ठेवते.

जाता जाता तुमचा करार उघडून दोन गोष्टी बघा: तुम्ही कर्मचारी आहात की कंत्राटदार, आणि कुठल्या देशाचा कायदा लागू आहे. रिमोट नोकरीत हे दोन्ही अनेकांना ठाऊक नसतं. जादा कामाचा मोबदला आणि नोटिसचा काळ बऱ्याच अंशी यावर ठरतो. काही देशांनी तर कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आणलाय, फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून. तुम्हाला तो लागू असेल वा नसेल, कागद वाचल्याशिवाय कळणार नाही.

राहिला रिव्ह्यू. पाच तारे देऊ नका. एक तारा देऊन सूड तर आत्ता मुळीच उगवू नका. छोट्या कंपनीत निनावी मजकूर कुणाचा आहे हे दुसऱ्या वाक्यात ओळखू येतं. "माझं मत अजून बनतंय, नंतर लिहीन" एवढं एचआरला कळवा आणि विषय सोडून द्या. पुन्हा आठवण आली तर पुन्हा तेच. मत खरंच बनतंय, ते टीम लीडला पाठवलेल्या तुमच्या पत्राचं उत्तर काय येतं त्यावर ठरणार आहे.

आणि तुम्ही वाचलेले ते निम्मे-निम्मे रिव्ह्यू? दोन्ही बहुधा खरे होते. एजन्सीत नोकरी कंपनीत मिळते, पण दिवस जातो तो एका टीम लीडच्या आणि चार-दोन क्लायंटच्या सहवासात. त्याच कंपनीत पाच समजूतदार क्लायंट सांभाळणारी डिझायनर मनापासून "सर्वांत चांगली नोकरी" लिहिते. पुढच्या वेळी रिव्ह्यू वाचताना तारे सोडा. लिहिणारा कुठल्या कामावर होता, किती महिने टिकला आणि कुठल्या वर्षी लिहिलं ते बघा. एकाच आठवड्यात आलेले सात पाच-तारे दिसले तर एचआरचा निरोप त्या आठवड्यात गेला होता असं समजा, तुम्हाला तर ते आता सांगायलाच नको. आणि मुलाखतीत थेट विचारा: एका अकाउंट मॅनेजरकडे किती क्लायंट? ठरलेल्या तासांच्या वर काम गेलं तर टाइमशीटमध्ये काय लिहायचं? या जागेवर आधी कोण होतं, ती व्यक्ती आता कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नाला समोरचा क्षणभर थांबून हसला, तर तुम्हाला त्या हसण्याचा अर्थ कळेल.

चॅटवर "ऑनलाइन" दाखवणाऱ्या ज्या हिरव्या ठिपक्याचं टोपणनाव तुम्ही घेतलंय त्याच्याबद्दल एक राहिलंच. बहुतेक चॅट ॲपमध्ये सूचना ठरावीक वेळेला आपोआप बंद होण्याची सोय असते. आज संध्याकाळची वेळ लावून टाका. पहिले तीन-चार दिवस हात आपोआप फोनकडे जाईल. जाऊ दे, तेवढ्यात आईला हाक मारा.